पत्रातले ‘मला’ आणि ‘मी’

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

ताई, माझे वय ३४ आहे. मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आहे आणि गेली अकरा वर्षे मी कुपवाड एमआयडीसीतील एका फौंड्री (धातूच्या ओतकामाचा कारखाना) व मशीन शॉपच्या क्वालिटी विभागात काम करतो. हातात ३१,००० रुपये पगार येतो. इतक्या वर्षांत मला एकदाही बाहेर प्रशिक्षणाला पाठवले नाही. मध्यंतरी ब्लो होलमुळे, म्हणजे ओतलेल्या भागांत वायूमुळे राहणाऱ्या पोकळ्यांमुळे, ग्राहकाकडून लॉट परत येत होते. तेव्हा मी दोन महिने मोल्डिंगच्या (साचे तयार करणाऱ्या) माणसांबरोबर बसलो आणि रिजेक्शन, म्हणजे बाद होणारा माल, सात टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आले, पण त्याचे पुढे काही झाले नाही. गेल्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा बाहेरून आणलेल्या, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेल्या मुलाला देण्यात आली. मला नुसते सांगितलेही नाही. मित्र म्हणतो, नोकरीत राहून कोणी मोठा झाला नाही, स्वतःचा मालक हो. तासगाव तालुक्यात वडिलांची दीड एकर द्राक्षबाग आहे. ती तारण ठेवून पंचवीस लाखांचे कर्ज काढावे आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारे धातू कापण्याचे) मशीन घ्यावे असे मनात आहे. ते जमले नाही तर चाकणला जाईन. बायकोला अजून काही बोललेलो नाही. अकरा वर्षे वाया गेली असे वाटते. काय करावे?

उत्तर:

बंधू, ती जागा गेल्याच्या दुःखापेक्षा, ती गेल्याचे आपल्याला कोणी सांगितलेही नाही, हे दुःख तुम्हाला अधिक लागलेले पत्रावरून दिसते, आणि ते लागावे असेच आहे. अकरा वर्षे एका ठिकाणी काम केलेल्या माणसाला बाजूला बोलावून दोन वाक्ये सांगणे हे वरिष्ठांचे कर्तव्य होते. ते त्यांनी पाळले नाही, आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे त्याने त्यांची ती चूक कमी होत नाही, हे आधी नोंदवून ठेवते.

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. तिसऱ्यांदा वाचताना त्यातला एक शब्द पुन्हा पुन्हा नजरेत भरू लागला, तो म्हणजे ‘मला’. मला पाठवले नाही, मला सांगितले नाही, मला मिळाले नाही. तुमच्या बाबतीत ज्या गोष्टी घडल्या त्या सगळ्या कोणीतरी केलेल्या किंवा न केलेल्या आहेत, आणि तुम्ही त्या वाक्यांच्या शेवटी उभे आहात. कारखान्यातल्या कामाच्या संदर्भात ‘मी’ने खऱ्या अर्थाने काही घडवले, असे संपूर्ण पत्रात एकच वाक्य आहे: मी दोन महिने मोल्डिंगच्या माणसांबरोबर बसलो. आणि तेही तुम्ही ‘पण त्याचे पुढे काही झाले नाही’ असे म्हणून तिथेच सोडून दिले आहे. मला मात्र तुमच्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य तेच वाटते.

ते का, हे सांगण्यापूर्वी बढत्या कशा ठरतात याविषयी थोडे सांगायला हवे, कारण मी त्या खोलीत बसलेली आहे. एका कारखान्याच्या कार्मिक विभागात मी चोवीस वर्षे काढली आणि बढतीच्या अनेक बैठकांची टिपणे माझ्या हातची आहेत. त्या बैठकीत कोणी फायली उघडून अकरा वर्षांचे काम वाचत बसत नाही. एक नाव पुढे येते, कोणीतरी त्याच्याविषयी एखादी ठोस गोष्ट सांगतो, दुसरा मान हलवतो आणि पुढचे नाव निघते. ज्याच्याविषयी सांगण्यासारखी गोष्ट कोणाच्याच ओठांवर नसते त्याला ‘चांगला माणूस आहे’ असे म्हणून बाजूला ठेवले जाते. आमच्या टूलरूममधले एक कारागीर निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांच्या सहकाऱ्याने सांगितले, की एका किचकट भागासाठी त्यांनी स्वतः बनवलेले फिक्श्चर (भाग पकडून ठेवणारे साधन) पंधरा वर्षे रोज वापरात होते. व्यवस्थापकांपैकी कोणालाही ते ठाऊक नव्हते. त्यांच्या बढतीच्या कागदांवर शेरे लिहिणारी मी, मलाही ठाऊक नव्हते. त्या दिवशी मला जे वाटले ते मी आजही विसरलेले नाही, आणि तुम्हाला इतके सविस्तर लिहिण्यामागे तेही एक कारण आहे.

आता तुमच्या त्या दोन महिन्यांकडे येऊ. सात टक्क्यांवरून तीन टक्के, हे तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले. त्याचा हिशेब कधी मांडला आहे का? तुमच्या कारखान्यातून महिन्याला किती नग जातात हे मला माहीत नाही, म्हणून उदाहरणादाखल चार हजार धरते. चार टक्के फरक म्हणजे महिन्याला १६० नग वाचले. तुम्ही जाणताच, की ब्लो होल पुष्कळदा कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, वरच्या थराखाली दडलेले असते आणि मशीनिंग झाल्यावरच उघडे पडते. तोवर त्या नगावर मशीनचे तास, इन्सर्ट (कापणारी पाती), वीज आणि माणसाची मजुरी खर्च झालेली असते. धातू भट्टीत परत जातो, पण बाकी काहीच परत येत नाही. असा वाया जाणारा खर्च नगामागे ६०० रुपये धरला, तर महिन्याला ९६,००० रुपये आणि वर्षाला ११,५२,००० रुपये वाचले. तुमच्या हातात येणारा वर्षाचा पगार ३,७२,००० रुपये आहे. माझे आकडे काल्पनिक आहेत, ते खोडून तिथे तुमच्या कारखान्याचे खरे आकडे घाला, पण हिशेब पुरा करा, कारण अशा एका कामाने तुमच्या पगाराच्या तिप्पट रक्कम वाचवली असण्याची शक्यता आहे आणि ती गोष्ट आज कारखान्यात कोणालाही, अगदी तुम्हालाही, सांगता येत नाही.

उद्योजकाची वृत्ती म्हणून जे म्हटले जाते ते माझ्या मते याहून फार वेगळे नाही. मी कोणाला काय देतो, त्याला त्याचे मोल किती, ते देण्यासाठी माझे काय खर्ची पडते आणि पुढच्या वर्षी माझ्याकडे नवे देण्यासारखे काय असेल, एवढे प्रश्न छोटा दुकानदारसुद्धा रात्री गल्ला मोजताना स्वतःला विचारतो. नोकरी करणारा माणूस बहुधा ते विचारत नाही, कारण महिन्याच्या एक तारखेला पगार जमा झाला की हिशेब मिटला असे त्याला वाटते. तुमचा कारखाना हे तुमच्या कौशल्याचे एकमेव आणि मोठे गिऱ्हाईक आहे असे क्षणभर समजा. अकरा वर्षे तुम्ही त्याला माल दिलात, पण आपली खतावणी कधी ठेवली नाही. तो माल काय प्रतीचा होता हे गिऱ्हाइकाने स्वतःहून लक्षात ठेवावे, अशी अपेक्षा मात्र केलीत. ती चुकीची होती असे म्हणायला मन धजत नाही, कारण आपल्याकडे मुलांना शिकवलेच तसे जाते, की मान खाली घालून काम करावे, फळ आपोआप मिळते. तरीही तिने तुमचे नुकसान केले हे खरे आहे.

म्हणून पहिले काम वहीचे. एक साधी दोनशे पानी वही घ्या आणि गेल्या अकरा वर्षांतली आठवतील तेवढी कामे लिहा: अडचण काय होती, मी काय केले, आकडा किती बदलला, त्या वेळी कोण सोबत होते. मोल्डिंगच्या माणसांची नावेही लिहा, कारण ते श्रेय त्यांचेही आहे आणि सांगताना त्यांच्यासह सांगितलेत तर तुमच्या बोलण्यावर अधिक विश्वास बसेल. मात्र कारखान्याची ड्रॉइंग, ग्राहकांचे दर किंवा अंतर्गत अहवाल यांच्या प्रती घरी आणू नका. तुमच्या वहीत तुमच्या कामाची कथा असावी, मालकाची मालमत्ता असू नये. याबाबत मी कोणालाही सवलत देत नाही.

मित्राने ‘स्वतःचा मालक हो’ म्हटले, ते प्रेमापोटीच म्हटले असणार. परंतु आपल्याच सांगली जिल्ह्यात याचे एक मोठे उदाहरण आहे, आणि ते अर्धे सांगितले जाते म्हणून इथे पुरे सांगते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला दिली गेली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. पुढे बेळगावात लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी, इथपर्यंतची कथा सर्वांना ठाऊक असते. जे गाळले जाते ते असे, की नोकरी सोडण्याच्या कितीतरी आधी, १८८८ पासून, बेळगावात त्यांचे सायकलचे दुकान सुरू होते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवत आणि त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, लोकांना चालवायला शिकवत. राजीनामा दिला त्या दिवशी त्यांच्या पायाखाली एक चालते दुकान होते आणि पाठीशी एक भाऊ होता. आणि तरीही नांगरांचे पुढे काय झाले ते पाहा. लोखंडाने जमीन विषारी होईल या भीतीने शेतकरी तो नांगर हातात घ्यायला तयार नव्हते आणि पहिले मोजके नांगर खपायलाच दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे जमिनीवर कर्ज असते तर काय झाले असते, याचा विचार तुम्ही शांतपणे करावा, असे मला मनापासून वाटते.

तुमच्या व्हीएमसीच्या बेताविषयी आता सविस्तर लिहिते, कारण यात तुमच्या वडिलांची बाग गुंतलेली आहे. पंचवीस लाखांचे कर्ज, व्याज अकरा टक्के, मुदत सात वर्षे, असे धरले तर महिन्याचा हप्ता सुमारे ४२,८०० रुपये येतो. जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्यांचे काम मजुरीवर करून देण्याचा, दर तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मी मशीनचा तास ३५० रुपयांचा धरते. म्हणजे महिन्यातले पहिले १२२ तास तुम्ही बँकेसाठी मशीन चालवणार. एका पाळीचे, दिवसाला आठ तास आणि महिन्याला पंचवीस दिवस धरले, तर एकूण तास होतात २००. उरले ७८ तास, म्हणजे २७,३०० रुपये. यातून ऑपरेटरचा पगार, वीजबिल, इन्सर्ट, कूलंट, गाळ्याचे भाडे आणि दुरुस्ती भागवायची, आणि त्यानंतर जे राहील ते घरी न्यायचे. आज तुम्ही ३१,००० घरी नेता. हा हिशेबसुद्धा मशीन एकही तास रिकामे राहिले नाही असे मानून केला आहे. दुसरी पाळी चालली तर गणित पूर्णपणे बदलते, याची मला कल्पना आहे, आणि कुपवाड-मिरजेत अनेकांनी ते तसेच बदलून दाखवले आहे. पण दुसऱ्या पाळीला ऑर्डर लागते, आणि तुमच्या पत्रात मशीनचा उल्लेख आहे, तारणाचा आहे, कर्जाच्या रकमेचा आहे, फक्त गिऱ्हाइकाचा कुठेही नाही.

पैसे वेळेवर येण्याचा प्रश्न त्यानंतरचा. सूक्ष्म व लघु उद्योगांचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, अशी तरतूद २००६ च्या कायद्यात आहे, आणि त्यासाठी लागणारी उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य होते. पण ज्याच्याकडे दोनच गिऱ्हाइके आहेत तो त्यातल्या एकाविरुद्ध तक्रार घेऊन सहसा जात नाही, हेही तितकेच खरे. म्हणून तीन महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च वेगळा बाजूला असल्याशिवाय मशीनचे कोटेशनसुद्धा मागवू नये, असे माझे मत आहे.

याचा अर्थ स्वतःचा व्यवसाय तुम्ही कधीच करू नये, असा नाही. कास्टिंगमधला दोष ओळखून त्याच्या कारणापर्यंत जाणारा माणूस जॉबवर्कमध्ये फार पुढे जाऊ शकतो, कारण छोट्या वर्कशॉपना ऑपरेटर मिळतात पण गुणवत्तेची जाण असलेला मालक क्वचित असतो. फक्त क्रम बदला. आधी दोन ग्राहकांचा लेखी होकार, मग भाड्याच्या किंवा दुसऱ्याच्या मशीनवर काही महिने काम करून घेण्याचा अनुभव, मग स्वतःचे मशीन. नोकरीत असताना यातले काही करण्यापूर्वी तुमचे नेमणूकपत्र काढून वाचा. बाहेरचे काम करण्यास मनाई असेल तर नोकरी सोडेपर्यंत तो मार्ग बंद समजावा. आजच्या मालकाच्या ग्राहकांकडे गुपचूप जाण्याचा विचारही मनात आणू नये. सांगली-मिरज-कुपवाडचे औद्योगिक जग लहान आहे आणि इथे नाव एकदाच होते. कर्जाची वेळ येईल तेव्हा प्रथम सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन या. सूक्ष्म व लघु उद्योगांना पतहमी योजनेखाली तारणाशिवाय कर्ज मिळण्याची सोय आहे, तिच्यात आपला प्रकल्प बसतो का ते विचारा. बँक तारणाशिवाय विश्वास ठेवायला तयार नसेल, तर तिला त्या प्रकल्पात काय दिसत नाही हे ऐकून घ्या. तोवर बागेचा सातबारा कपाटातच राहू द्या.

चाकणविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आत्ता रागाच्या भरात जाऊ नका, पण तिथल्या दोन-तीन कंपन्यांना अर्ज अवश्य करा आणि मुलाखती द्या. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद घेऊन येणारा शेतकरी माल विकला नाही तरी त्या दिवशीचे सौदे काय दराने निघाले याची चौकशी केल्याशिवाय परत जात नाही. अकरा वर्षांत तुम्ही आपल्या कौशल्याचा बाजारभाव एकदाही विचारलेला नाही. मुलाखतीत तुम्हाला जे प्रश्न विचारले जातील आणि ज्यांची उत्तरे येणार नाहीत, ते घरी येऊन वहीत लिहा. पुढे काय शिकायचे याची ती आयती यादी होईल. पगाराचा आकडा समोर आला तर त्यातून तिथले घरभाडे, येण्याजाण्याचा खर्च आणि इथे गावाकडून येणारे धान्य, दूध, भाजी यांचे मोल वजा करून मगच त्याची ३१,००० शी तुलना करावी.

शिकण्यासाठी कारखान्याने पाठवण्याची वाट पाहू नका. सीएमएम (भागांची अचूक मापे घेणारे यंत्र) चालवणे, ड्रॉइंगवरचे भौमितिक टॉलरन्स (आकारात चालणारी तफावत) वाचणे आणि ग्राहकाला मंजुरीसाठी द्यावयाच्या पीपीएपीच्या कागदपत्रांची मांडणी, या तीन गोष्टी क्वालिटी विभागातल्या माणसाला कुठेही घेऊन जातात, आणि त्यांचे अल्पमुदतीचे वर्ग पुण्यात आठवड्याच्या शेवटी होतात. त्यासाठी वर्षातून एक पगार खर्च करावा लागला तरी करावा. शेतकरी बियाण्याच्या खर्चाला जसा उधळपट्टी म्हणत नाही तसाच हा खर्च आहे. शिवाय फौंड्रीच्या धंद्यात असून तुम्ही इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फौंड्रीमेनच्या कोल्हापूर शाखेच्या कार्यक्रमांना कधी गेला नसाल, तर आता जा. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रींतली माणसे तिथे भेटतात. वाळूतला ओलावा, कोअरमधून (साच्यातल्या वाळूच्या गाभ्यातून) वायू बाहेर पडण्याची सोय, हे ज्या विषयावर तुम्ही दोन महिने डोके चालवले, त्यावर बोलणारी माणसे तुम्हाला तुमच्या विभागाबाहेर भेटलीच नाहीत, याची मला खंत वाटते.

आता सर्वांत अवघड गोष्ट, आणि ती तुम्ही करावी असा माझा आग्रह आहे. वही तयार झाली की कारखान्याच्या सरव्यवस्थापकांकडे अर्ध्या तासाची वेळ मागा. नव्या विभागप्रमुखाला आधी तसे सांगा, म्हणजे त्याला डावलून गेल्यासारखे होणार नाही. तो तुमच्यापेक्षा लहान आहे ही त्याची चूक नाही, आणि नव्या जागी त्यालाही तुमच्यासारख्या जाणत्या माणसाची गरज असणार. बैठकीत बढतीची तक्रार पहिल्या वाक्यात आणू नका. साधारण असे बोलता येईल: “साहेब, ब्लो होलच्या प्रश्नावर आम्ही जे काम केले त्याचा वर्षाचा हिशेब मी मांडला आहे, तो आपण पाहावा. असेच काम आणखी दोन नगांवर करता येईल असे मला वाटते. ती जबाबदारी माझ्या नावाने द्यावी आणि त्यासाठी सीएमएमचे प्रशिक्षण मिळावे. विभागप्रमुखपदासाठी माझ्यात काय कमी वाटले तेही आपण मोकळेपणाने सांगितलेत तर मला उपयोग होईल.” एवढे बोलून थांबा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कडू असू शकते. इंग्रजीत मेल लिहिणे, ग्राहकासमोर उभे राहून बोलणे, माणसे सांभाळणे, असे काहीतरी निघेल. ते ऐकताना स्वतःचा बचाव करू नका, लिहून घ्या. जे ठरेल ते त्याच संध्याकाळी चार ओळींच्या मेलने त्यांना कळवा आणि त्यात तारीख घाला.

त्यानंतर सहा महिने थांबा. जबाबदारी मिळाली तर उत्तमच. केवळ आश्वासने मिळाली आणि तारखा उलटून गेल्या, तर त्या गिऱ्हाइकाला तुमचा माल नको आहे असे समजून मनात कटुता न ठेवता दुसरे शोधावे. आपल्या खानापूर-आटपाडीकडचे गलाई बांधव हेच करत आले आहेत. दुष्काळी गावांतली ही माणसे सोने-चांदी गाळण्याची कला घेऊन देशाच्या कानाकोपऱ्यात गेली. बहुतेकांनी आधी कोणा नातेवाइकाच्या दुकानात हाताखाली काम केले, हात बसला, माणसे ओळखीची झाली, आणि मग स्वतःची भट्टी मांडली. एका शहरात जमले नाही तर ती कला दुसऱ्या शहरात गेली. हाताखाली काम करण्याच्या वर्षांना त्यांच्यापैकी कोणी वाया गेलेली वर्षे म्हणत असेल असे मला वाटत नाही.

नोकरी सोडण्याची वेळ आलीच, तर दोन गोष्टी लक्षात असू द्या. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून खर्च करू नका. दुसऱ्या नोकरीत गेलात तर ती त्याच यूएएन (निधी खात्याच्या कायमच्या) क्रमांकावर वर्ग होते. आणि पेन्शन योजनेत तुमची एकूण दहा वर्षे भरली असतील तर पुढे व्यवसायात गेलात तरी स्कीम सर्टिफिकेट घेऊन वयाच्या ५८ व्या वर्षी पेन्शनचा हक्क राहतो. ग्रॅच्युइटीही तुमच्या हक्काची आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये असतील तर अकरा वर्षांची रक्कम सुमारे १,१४,००० रुपये होते. राग आला म्हणून राजीनामा टाकून निघून जाणारी माणसे या पैशांचा पाठपुरावा करत नाहीत, असे मी अनेकदा पाहिले आहे.

‘बायकोला अजून काही बोललेलो नाही’ हे वाक्य वाचून मात्र मी थोडी घाबरले. कर्जाचा विचार मनात इतका पुढे गेला आहे, आणि ज्या घराच्या पगारावर तो हप्ता पडणार त्या घरातल्या माणसाला त्याचा पत्ता नाही. आजच बोला. बढतीत डावलले गेल्याची लाज तुम्ही एकट्याने बाळगता आहात असे मला वाटते, आणि ती लाज तुमची नाहीच. घरखर्चाचा, शिलकीचा आणि सहा महिन्यांच्या तयारीचा हिशेब दोघांनी मिळून त्याच वहीच्या मागच्या पानांवर मांडा. तुम्ही स्वतः न पाहिलेली एखादी वाट त्यांना दिसू शकेल.

आणि अकरा वर्षे वाया गेली का, हा प्रश्न मला विचारण्यापेक्षा वडिलांना विचारा. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून ते बाग उघडी करतात. नव्या काड्या येतात, पाने येतात, पण महिनोन्महिने घड मात्र दिसत नाही. तरीही ते पाणी देतात, विरळणी करतात, शेंडे मारतात, कारण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो घड बाहेर पडणार आहे त्याची निर्मिती या उन्हाळी काडीच्या डोळ्यात आधीच होऊन गेलेली असते, आणि त्या वेळी हयगय झाली तर ऑक्टोबरात कितीही खर्च केला तरी वेल वांझ निघतो. तुमच्या काडीत घड आहे की नाही ते मी इथे बसून सांगू शकत नाही. पण सात टक्क्यांवरून तीन टक्के हे मी वाचले आहे.

वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहा: ते दोन महिने कोणते, वाळूत काय बदलले, कोणत्या पाळीत प्रथम फरक दिसला, सोबत कोण कोण होते. सरव्यवस्थापकांशी बोलणे झाल्यावर, ते कसेही झाले तरी, मला पुन्हा लिहा. मी तुमच्या पत्राची वाट पाहीन.